बोरगावापुढचा कंस

वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगावचे नाव महसुली कागदांत आणि जनगणनेच्या पुस्तकांत ‘बोरगाव (मेघे)’ असे लिहिले जाते, आणि त्यातला कंस व्याकरणाने कंसाला नेमून दिलेल्या कामात बसत नाही. व्याकरणाच्या दृष्टीने कंस म्हणजे वाक्यात आलेला, पण वाक्याच्या मुख्य ओघाबाहेरचा मजकूर वेगळा दाखवणारी खूण. कंसातले शब्द गाळले तरी उरलेले वाक्य अर्थाला आणि रचनेला धक्का न लागता उभे राहिले पाहिजे, ही त्याची कसोटी. बोरगावापुढचे ‘मेघे’ गाळले तर वाक्य उभे राहते, पण गाव हरवते, कारण महाराष्ट्रात बोरगावे ठिकठिकाणी आहेत आणि खरेदीखतात, वारसनोंदीत किंवा कोर्टाच्या समन्सात नुसते ‘बोरगाव’ लिहून कोणाचेच भागत नाही. वर्ध्याच्या अवतीभवती सावंगी (मेघे), सिंदी (मेघे), पिपरी (मेघे) अशी याच आडनावाची आणखी गावे असल्यामुळे नुसत्या ‘मेघे’ शब्दानेही ओळख पटत नाही. दोन्ही शब्द मिळूनच नाव होते, आणि तरीही त्यांतला एक कायम कंसात बसलेला असतो.

या विसंगतीचा उलगडा व्याकरणापेक्षा दप्तरात शोधणे सोयीचे पडते. मराठीत कंस छापखान्याच्या वाटेने आला आणि शाळेने तो मुलांना शिकवला, परंतु खेड्यापाड्यांतल्या माणसाचा ज्या कंसाशी खरा संबंध आला तो तलाठ्याच्या (विदर्भात आजही लोक त्याला पटवारीच म्हणतात) हातचा कंस होता, आणि त्या हाताने या खुणेला दोन परस्परविरोधी कामे लावली: गावाच्या नावात कंस ओळख पक्की करतो, तर सातबाऱ्यावर तोच कंस माणसाचे नाव बाद करी.

कंस नव्हता तेव्हा मराठी लेखनात त्याचे काम शब्द करीत असत. विदर्भातील रिद्धपूरशी निगडित असलेल्या महानुभाव पंथाच्या गद्यात याचा उत्तम नमुना सापडतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रात एकाच लीळेविषयी निरनिराळ्या शिष्यांकडून आलेली निरनिराळी आठवण नोंदवायची असली, की ‘वासना’, ‘शोध’, ‘पाठ’ असे पारिभाषिक शब्द योजून तो पर्यायी मजकूर मूळ मजकुराच्या ओळीतच लिहिला जाई. ‘वासना’ म्हणजे येथे एखाद्या परंपरेने सांगितलेला वेगळा तपशील, आणि ‘शोध’ म्हणजे पुढच्या संशोधकाने ठरवलेले रूप. आजचा संपादक जे कंसात किंवा तळटीपेत टाकील, ते त्या पोथीत उघड शब्दांनी सांगितलेले असे, आणि वाचणाऱ्याला कुठे मूळ मजकूर थांबला व कुठे दुसऱ्याचे म्हणणे सुरू झाले हे कानाने कळत असे. पोथ्या मोठ्याने वाचल्या जात होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे या पद्धतीचे मर्म कळते, कारण डोळ्याला दिसणारी खूण ऐकणाऱ्याच्या उपयोगाची नसते.

मोडी दप्तराची रीतही अशीच होती. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहिली जात, शब्दाशब्दांत अंतर सोडण्याची पद्धत नव्हती आणि विरामचिन्हे जवळजवळ नव्हतीच. त्यामुळे माणसाची ओळख सांगणारा जोडमजकूर ‘उर्फ’, ‘बिन’, ‘वल्द’, ‘जौजे’ अशा शब्दांनी जोडला जाई. ‘बिन’ आणि ‘वल्द’ हे दोन्ही अमक्याचा मुलगा या अर्थाचे, त्यांपैकी ‘वल्द’ वऱ्हाड-नागपूरकडच्या कागदांत अधिक रुळलेला, आणि ‘जौजे’ म्हणजे अमक्याची बायको. हे शब्द कंसाहून अधिक नेमके होते असे म्हणावे लागते, कारण कंस फक्त दोन नावे शेजारी ठेवतो, तर ‘वल्द’ त्या दोघांमधले नातेही सांगतो.

लिहिलेले बाद करण्याच्या खुणा मात्र भारतीय लेखनपरंपरेत फार जुन्या आहेत. पोथीत चुकलेल्या अक्षरावर हरताळ या पिवळ्या खनिजाचा लेप देत आणि सुकल्यावर त्यावर पुन्हा लिहीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तेथूनच आला. राहून गेलेले अक्षर घालण्यासाठी ओळीत कावळ्याच्या पायासारखी खूण करीत, तिला काकपद म्हणत. आणि जो मजकूर अनावश्यक ठरला, पण पुसायचा नव्हता, त्याभोवती वर्तुळ काढत, त्याला कुंडलना असे नाव होते. ही पद्धत विद्वानांत किती परिचयाची होती याचा दाखला बाराव्या शतकातील श्रीहर्षाच्या ‘नैषधीयचरित’ या महाकाव्यात पहिल्याच सर्गात मिळतो. नळराजाचे तेज आणि यश असताना सूर्य व चंद्र व्यर्थ आहेत, असा विचार ब्रह्मदेवाच्या मनात जेव्हा जेव्हा येतो, तेव्हा तेव्हा तो त्या दोघांभोवती खळ्याच्या मिषाने कुंडलना ओढतो, अशी कल्पना कवीने तेथे केली आहे. सूर्याभोवतीचे खळे म्हणजे लेखनिकाने बाद केलेल्या शब्दाभोवतीचे वर्तुळ, हे रूपक वाचकाला टीकेवाचून कळावे इतकी ही खूण त्या काळी रोजच्या वापरातली असली पाहिजे. वर्तुळात घातलेले बाद, पण वाचण्याजोगे, हा तिचा अर्थ पुढे सातबाऱ्यावर पुन्हा भेटतो.

आजचा गोल कंस या कुंडलनेचा वंशज नव्हे. तो युरोपातून आला, आणि तेथेही तो तुलनेने उशिराचा आहे: इटलीतील कोलुच्चो सालुताती या विद्वानाच्या १३९९ मधील लॅटिन ग्रंथाच्या हस्तलिखितात त्याचे आरंभीचे रूप आढळते, आणि पुढे इरॅस्मसने त्याच्या आकारावरून त्याला छोट्या चंद्राचे नाव दिले. महाराष्ट्रात तो आला तो एकोणिसाव्या शतकात, मिशनऱ्यांची पुस्तके, इंग्रजी–मराठी कोश आणि सरकारी पाठ्यपुस्तके यांच्याबरोबर. १८३२ मध्ये सुरू झालेल्या ‘दर्पण’ पत्राची पाने इंग्रजी आणि मराठी अशा शेजारशेजारच्या दोन स्तंभांत छापली जात, त्यामुळे इंग्रजी मजकुरातील ठिपके, रेघा आणि कंस मराठी वाचकाच्या नजरेसमोर आपोआप येत होते. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशात आणि विशेषतः १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्द संस्कृत, फारसी, अरबी किंवा हिंदुस्थानी यांपैकी कोणत्या मुळाचा आहे हे शब्दाशेजारी कंसात एका अक्षराने दाखवलेले असते. मराठी शब्दाचे कुळ कंसात सांगण्याची ही रीत पुढच्या कोशांनीही उचलली. या कामात मोल्सवर्थचा सहकारी असलेल्या मेजर थॉमस कँडी याने १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका लिहून ही परकी चिन्हे मराठीत कशी वापरावीत याचे नियम मांडले, आणि पाठ्यपुस्तके तपासण्याचे अधिकार त्याच्याकडे असल्यामुळे ते नियम छापील मराठीत लवकर रुळले.

या नव्या खुणेचा सर्वांत सहज स्वीकार नाटकाने केला. संस्कृत नाटकांच्या पोथ्यांत ‘प्रविश्य’, ‘निष्क्रान्ताः’ यांसारख्या रंगसूचना संवादाच्या ओळीतच सलग लिहिलेल्या असत आणि कुठले शब्द पात्राने बोलायचे व कुठले करून दाखवायचे हे जाणकाराला समजत असे; छापील आवृत्त्यांत त्या कंसात गेल्या, आणि मराठी नाटकाच्या छापील पुस्तकाने तोच प्रघात पुढे चालवला. परिणामी नाटक वाचणाऱ्याला कंसातला मजकूर म्हणजे न बोलायचा मजकूर हा संकेत पक्का ठाऊक झाला. ऐतिहासिक कागद छापणाऱ्या संपादकांनी कंसाला आणखी एक जबाबदारी दिली: कागद फाटल्यामुळे गेलेली अक्षरे अंदाजाने भरायची तर ती चौकोनी कंसात भरावीत, म्हणजे मूळ लेखकाचे शब्द आणि संपादकाचे शब्द यांची सरमिसळ होत नाही. कायद्याच्या भाषांतरांनी पोटकलमांचे आकडे कंसात आणले, विश्वकोशाने नोंदीच्या आरंभी जन्ममृत्यूच्या तारखा कंसात ठेवल्या, आणि गणिताच्या शिक्षकांनी ‘कंचेभागुबेव’ या सूत्रातून कंस आधी सोडवायचा हे पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून घेतले. भाषेत कंस सर्वांत कमी महत्त्वाचा आणि गणितात सर्वांत आधीचा, या गोष्टीचे मुलांना कधी नवल वाटल्याचे दिसत नाही. शालेय व्याकरणांतील विरामचिन्हांच्या यादीत मात्र कंसाला अनेकदा जागाच मिळालेली नाही. स्वल्पविरामापासून अपसारणचिन्हापर्यंत सगळे येतात आणि हा बाहेर राहतो.

गावाच्या नावात कंस शिरला तो या पुस्तकी वाटेने नव्हे, याद्यांच्या वाटेने. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला, आणि त्याच दशकातील जमाबंदीत, म्हणजे शेतसारा ठरवण्याच्या मोजणीत, मालगुजारांना गावाचे मालक मानले गेले. मालगुजार म्हणजे गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी घेणारा आणि त्या बदल्यात गावावर मालकी सांगणारा जमीनदार. मध्य प्रांतात ही व्यवस्था १९५१ मध्ये कायद्याने संपेपर्यंत चालली. अशा मुलखात मौजा, हलका, तहसील आणि जिल्हा यांच्या याद्या बनू लागल्या की एका नावाची दोन-तीन गावे एकाखाली एक येणार हे ठरलेले होते. पुण्याकडे या अडचणीवर जुनाच तोडगा होता: आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द, म्हणजे थोरले आणि धाकटे, किंवा तळेगाव दाभाडे आणि तळेगाव ढमढेरे, जिथे सरदार घराण्याचे नाव कसल्याही खुणेवाचून गावाला चिकटले. विदर्भात तेच काम कंसाने केले. तळेगाव (श्यामजीपंत) आणि तळेगाव (टालाटुले) ही दोन्ही वर्धा जिल्ह्यातलीच. कारंजा (घाडगे) वर्धा जिल्ह्यात, तर कारंजा (लाड) वाशिममध्ये. जिथे एका गावाचा मालक म्हणून एका घराण्याचे नाव दप्तरात शतकभर लागत आले, तिथे गावाला आडनाव लागणे स्वाभाविकच होते.

कंसातला शब्द बहुधा आपला काळही सांगतो. वर्ध्याच्या शेजारची सिंदी (मेघे) आणि सेलू तालुक्यातील सिंदी (रेल्वे) ही जोडी या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली आणि सिंदी हे वर्धा–नागपूर मार्गावरचे स्थानक झाले, म्हणजे ‘(रेल्वे)’ हा कंस त्याआधीचा असणे शक्य नाही. चांदूर (रेल्वे) आणि धामणगाव (रेल्वे) या अमरावती जिल्ह्यातील गावांनाही हाच हिशेब लागू पडतो. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टी येथे पोलीस ठाण्यावर गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला, आणि आज बीडच्या आष्टीपासून वेगळी दाखवण्यासाठी वर्ध्याची आष्टी ‘आष्टी (शहीद)’ अशी लिहिली जाते. समुद्रपूर तालुक्यातील वायगाव (हळद्या) येथल्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तेथे पीकच कंसात जाऊन बसले आहे. मालक, आगगाडी, हौतात्म्य आणि हळद अशा चार निरनिराळ्या गोष्टी एकाच जिल्ह्यात एकाच खुणेने नोंदल्या गेल्या.

या पद्धतीला नकार देण्याचे एक प्रसिद्ध उदाहरणही बोरगावपासून काही मैलांवरच घडले. महात्मा गांधी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहायला गेले, आणि त्यांचे टपाल बुलढाणा जिल्ह्यातील, गजानन महाराजांमुळे ख्यात असलेल्या रेल्वेवरच्या शेगावकडे जाऊ लागले. कचेरीची रीत पाहता शेगावपुढे ‘(वर्धा)’ किंवा दुसरा एखादा शब्द कंसात घालून हा घोटाळा मिटवता आला असता. पण १९४० मध्ये गावाचे नावच बदलून सेवाग्राम करण्यात आले. नाव बदलण्याएवढे वजन प्रत्येक गावातल्या रहिवाशाच्या पत्रव्यवहाराला नसते, म्हणून इतर गावांनी कंस ठेवले.

कंसाने गावाची ओळख पक्की केली, पण मराठी वाक्याची मात्र पंचाईत केली. मराठीत नामाला प्रत्यय लागतो आणि प्रत्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप होते: कारंजा या नावाचे ‘कारंज्याला’, ‘कारंज्यात’. कंस मध्ये आला की प्रत्यय कुठे जोडायचा हा प्रश्न सुटत नाही. कंसाआधी जोडला तर अधिकृत नाव मोडते, कंसानंतर जोडला तर प्रत्यय अधांतरी लोंबकळतो. यावर सरकारी मराठीने ‘येथे’, ‘येथील’, ‘या गावी’ अशा स्वतंत्र शब्दांचा आधार घेतला, आणि म्हणून नोटिसांत व निविदांत ‘मौजा बोरगाव (मेघे) येथील’ अशीच रचना आढळते. बोलणाऱ्याने हा पेच कधी मानला नाही. तो कंस उच्चारतच नसल्यामुळे सरळ ‘बोरगाव मेघेला’ म्हणतो आणि दुसऱ्या शब्दाला प्रत्यय लावून मोकळा होतो. दुकानांच्या पाट्यांवरही पुष्कळदा बोलीतले हेच कंसहीन रूप रंगवलेले असते. वर्तमानपत्राच्या उपसंपादकाला ही मुभा नाही. बातमीत माणसाच्या नावापुढे वय आणि राहण्याचे ठिकाण कंसात देण्याचा मराठी पत्रांचा शिरस्ता आहे, त्यामुळे बोरगावच्या माणसाचे नाव छापताना ‘(४५, रा. बोरगाव (मेघे))’ असा कंसात कंस तयार होतो, आणि शेवटच्या दोन बंद कंसांपैकी एक छापताना गळून पडणे हे इतके नेहमीचे आहे की वाचकाला ती चूक वाटेनाशी झाली आहे.

ज्या सातबाऱ्याच्या माथ्यावर हे गावाचे नाव असते, त्याच कागदावर कंसाचा दुसरा अर्थ राबत होता. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्र उतारा. पहिल्यात जमीन कोणाच्या ताब्यात आणि कोणत्या हक्काने आहे याची नोंद असते, दुसऱ्यात पिकांची. विदर्भात आधी मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची महसूलपद्धत होती, तिच्यातील ‘खसरा’, ‘मौजा’, ‘हलका’ हे शब्द अजून कागदांवर टिकून आहेत; महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची असून ती १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाल्यावर सातबारा सगळीकडे एका साच्याचा होत गेला. खातेदार वारला, जमीन विकली गेली किंवा वाटणी झाली, की तिची नोंद प्रथम फेरफार रजिस्टरात, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, होते आणि मंडळ अधिकाऱ्याने ती मंजूर केल्यावर सातबाऱ्यावर तिचा अंमल दिला जातो. तो अंमल देताना तलाठी जुने नाव खोडत नसे. तो त्या नावाच्या दोन्ही बाजूंना कंस करी, खाली किंवा शेजारी नवे नाव लिही आणि फेरफाराचा क्रमांक वर्तुळात नोंदवी. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, म्हणजे जमिनीवरचे कर्ज, फिटले तर इतर हक्कातील त्या नोंदीलाही असाच कंस पडे.

न खोडण्यामागे कारण होते. खोडलेला कागद संशयाला जागा देतो, कारण खाली काय होते आणि कोणी खोडले हे सांगता येत नाही. कंसातले नाव मात्र पूर्ण वाचता येते, त्यामुळे वीस वर्षांनी वाद निघाला तर शेत कोणाकडून कोणाकडे गेले ही साखळी त्याच पानावर दिसते. बाराव्या शतकातल्या कुंडलनेचे आणि विसाव्या शतकातल्या तलाठ्याच्या कंसाचे तर्कशास्त्र तंतोतंत एकच आहे, यांच्यामध्ये कसलीही सलग परंपरा दाखवता येत नसली तरीही. मात्र या उपयोगाने कंसाला गावात एक धास्ती चिकटली. आपल्या नावाला कंस झाला असे उताऱ्यावर पाहणे म्हणजे आपण त्या जमिनीतून कमी झालो असे समजणे, आणि भाऊबंदकीच्या तंट्यांत ‘माझ्या नावाला कंस कसा झाला’ ही तक्रार तहसीलच्या पायऱ्यांवर नेहमीची होती. इंग्रजी व्याकरणातून आलेल्या खुणेचा जमिनीच्या मालकीशी इतका घट्ट संबंध जोडला जाईल, असे कँडीच्या पुस्तिकेत कुठे सुचवलेले असण्याचा संभव नव्हता.

संगणकीकरणानंतर हा अर्थ मावळू लागला. हातचा कंस आणि छापील कंस यांत फरक असा की हातचा कंस मागाहून, वेगळ्या शाईने पडल्याचे कळते, तर यंत्रातून निघालेल्या उताऱ्यावर जुने आणि नवे एकाच वळणात छापून येई आणि कंसातले नाव चालू की बंद हे नवख्या माणसाला उमगत नसे. महसूल विभागाने २०२० मध्ये सातबाऱ्याच्या नमुन्यात जे बदल मंजूर केले, त्यांत मयत खातेदारांची नावे आणि फिटलेले बोजे कंसात दाखवण्याऐवजी त्यांच्यावर आडवी रेघ मारण्याची तरतूद झाली. त्याच बदलांत गावाच्या नावाबरोबर गावाचा संकेतांक, म्हणजे देशभरच्या सूचीतील त्या गावाचा स्वतंत्र क्रमांक, छापणेही आले, त्यामुळे एका बोरगावाला दुसऱ्यापासून वेगळे करण्याचे जे काम कंस करीत होता तेही आता आकड्याने होऊ शकते.

गावाच्या नावातला कंस मात्र त्या आकड्याने हटवलेला नाही, आणि त्याच्यामुळे एक नवीनच अडचण उभी राहिली आहे. बोरगाव आणि कंस यांच्यामध्ये एक जागा सोडली, ती सोडली नाही, किंवा कंसच गाळला, तर माणसाला तिन्ही नावे एकच वाटतात आणि यंत्राला ती तीन वेगळी नावे दिसतात. म्हणून एखाद्या अर्जातील गावाचे नाव आधीच्या कागदातील नावाशी जुळत नाही असा शेरा येतो, आणि अर्जदाराला रहिवासाचा दाखला घेऊन पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. दाखल्यावरचे नाव कसे लिहायचे, हे त्या वेळी खिडकीपलीकडचा कारकून ठरवतो.